विरघळलेल्या क्षारांचे विलगीकरण : सतलजचे पाणी आणि पंजाबचा माळवा

(चंदीगड येथे शिक्षण घेत असलेल्या व स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चंदीगडच्या नळाचे पाणी एका पेल्यात घ्या आणि येथून नैर्ऋत्येला सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर असलेल्या बठिंडा परिसरातील एखाद्या हातपंपाचे पाणी दुसऱ्या पेल्यात घ्या. दोन्ही सारखीच स्वच्छ आणि पारदर्शक दिसतील. कापडातून, वाळूतून किंवा मेणबत्तीच्या गाळणीतून गाळली तरी दोहोंमध्ये काही बदल होणार नाही. पहिले पाणी मात्र पिण्यास गोड आहे आणि दुसरे अनेक गावांत मचूळ, काही ठिकाणी तर जनावरेही तोंड फिरवतील असे आहे. डोळ्यांना न दिसणारा हा फरक विरघळलेल्या पदार्थांचा आहे. ते पाण्यापासून वेगळे कसे करायचे आणि वेगळे केल्यावर त्यांचे काय करायचे, हा आजचा विषय आहे. पाठ्यपुस्तकांत या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचे उत्तर असते. दुसरा अर्धा भाग बहुधा ग्रामपंचायतीच्या वाट्याला येतो.

आरंभी एक भेद पक्का करू या. पाण्यात तरंगणारे मातीचे कण आकाराने मोठे असतात. पाणी स्थिर ठेवले की ते तळाशी बसतात. तुरटी फिरवली की एकमेकांना चिकटून लवकर बसतात. उरलेले गाळणीत अडकतात. मीठ विरघळले की त्याचे सोडियम व क्लोराइडचे आयन सुटे होतात आणि प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे तयार होते. या कड्यासह त्याचा आकार नॅनोमीटरपेक्षाही लहान असतो, त्यामुळे साध्या गाळणीच्या छिद्रातून तो सहज निसटतो. निथळणे, गाळणे, तुरटी आणि क्लोरीन या चार गोष्टींवर आपल्या बहुतेक जलशुद्धीकरण केंद्रांचा डोलारा उभा आहे. परंतु विरघळलेल्या क्षारांपुढे या चौघांचेही काही चालत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार कमी होत नाहीत. उलट पाण्याचा काही भाग वाफ होऊन गेल्यामुळे उरलेल्या पाण्यातील नायट्रेट किंवा फ्लोराइडचे प्रमाण किंचित वाढते. याला एकच अपवाद आहे. बायकार्बोनेटमुळे आलेली तात्पुरती कठीणता उकळल्यावर पांढऱ्या थराच्या रूपाने भांड्यास चिकटते. मात्र ती रासायनिक क्रिया आहे, भौतिक नव्हे. परीक्षेत या मुद्द्यावर हमखास फसवणारा पर्याय दिलेला असतो, म्हणून येथे थोडा थांबलो.

आता पंजाबकडे वळू. मराठी माणसाला माळवा म्हटले की इंदूर-उज्जैन आठवते. पंजाबचा माळवा वेगळा. सतलज नदीच्या दक्षिणेकडील बठिंडा, मानसा, मुक्तसर, फरीदकोट, फाजिल्का, मोगा, बर्नाला, संगरूर इत्यादी जिल्ह्यांचा तो प्रदेश. चंदीगडला काजौली जलकेंद्रातून येणारे पाणी भाक्रा मुख्य कालव्याचे, म्हणजे सतलजचेच आहे. हिमालयातून आलेल्या या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. रूपनगर येथून निघणारा आणि १८८२ साली सुरू झालेला सरहिंद कालवा हेच सतलजचे पाणी माळव्यात नेतो. नदी एकच, पण चंदीगड कालव्याचे पाणी पिते आणि माळव्यातील कित्येक गावांनी दीर्घकाळ जमिनीखालचे पाणी प्यायले. नैर्ऋत्य पंजाबातील या भूजलात एकूण विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे ज्याला आपण टीडीएस म्हणतो ते, पुष्कळ जास्त आहेत. त्याबरोबर ठिकठिकाणी फ्लोराइड, नायट्रेट आणि युरेनियम आढळले आहे. यातील युरेनियम प्रामुख्याने भूगर्भातील खडक व गाळातून आलेले आहे आणि पाण्यातील बायकार्बोनेटमुळे ते विरघळून राहण्यास मदत होते, असे अनेक संशोधकांचे मत आहे.

हे पाणी इतके खारे का झाले? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला कोकणात जावे लागेल, कारण तेथील आगरी बांधव जी क्रिया जाणूनबुजून घडवतात तीच माळव्याच्या शेतात नकळत घडत गेली.

उरण, पेण, वसई, भाईंदर या पट्ट्यातील मिठागरांत भरतीचे पाणी वाफ्यांत घेतले जाते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांपैकी २७ ग्रॅमच्या आसपास खाण्याचे मीठ. ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात. पाणी आटत जाते तसे प्रथम चुन्याचे क्षार खाली बसतात, नंतर जिप्सम, आणि मूळ पाण्याचा साधारण दहावा हिस्सा उरला की मिठाचे स्फटिक धरू लागतात. मीठ काढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरते त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते वेळीच बाहेर सोडले नाही तर मीठही कडू होते. स्फटिकीकरणातून एकेक क्षार त्याच्या विद्राव्यतेनुसार वेगळा काढण्याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणत्याही प्रयोगशाळेत सापडणार नाही, आणि इंधनाचा खर्च शून्य! मिठागरात आपल्याला क्षार हवे असतात आणि पाणी आकाशात गेले तरी चालते. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत हिशेब नेमका उलटा होतो.

शेताचे गणित असे आहे. कालव्याचे पाणी गोड असले तरी त्यात लिटरमागे २०० मिलीग्रॅम क्षार आहेत असे समजा. एका हेक्टरला वर्षभरात एकूण एक मीटर खोलीइतके पाणी दिले तर ते १०,००० घनमीटर होते आणि त्याबरोबर २ टन क्षार शेतात येतात. पीक आणि ऊन पाणी घेऊन जातात. क्षार मागे राहतात. निचरा चांगला असेल तर पावसाबरोबर ते वाहून जातात. सपाट प्रदेश, नैसर्गिक निचऱ्याचा अभाव, कमी पाऊस आणि पाणथळ झालेली जमीन अशी स्थिती मुक्तसर भागात आहे. भूजलाची पातळी जमिनीलगत आली की खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि पृष्ठभागावर पांढरा थर सोडते. प्रत्येक वाफा हे एक मिठागरच होऊन बसते.

सांगली-कोल्हापूरकडील विद्यार्थ्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. कृष्णाकाठी शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांतील उसाच्या काळ्या जमिनी अतिरिक्त पाण्याने क्षारपड झाल्या, त्यामागेही हेच भौतिकशास्त्र आहे. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून खारे पाणी बाहेर काढण्याचा उपाय शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी अवलंबिला आहे. याच तंत्रावर येथून जवळच असलेल्या कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने दीर्घकाळ काम केले आहे. विदर्भातील विद्यार्थी पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे उदाहरण देतील. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील या पट्ट्यात गाळाच्या खोल थरांतील भूजलच खारे आहे. तेथे विहीर खोदून गोडे पाणी लागत नाही. म्हणून सातपुड्यातील धरणांचे पाणी नळाने आणावे लागते.

आता पाणी हवे आणि क्षार नको, या उलट्या हिशेबाकडे येऊ. सर्वांत जुना मार्ग ऊर्ध्वपातनाचा : पाण्याची वाफ करायची आणि ती थंड करून गोळा करायची. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, त्यामुळे मिळणारे पाणी अत्यंत शुद्ध असते. अडचण ऊर्जेची आहे. २५ अंश सेल्सियसचे एक लिटर पाणी १०० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ३१४ किलोज्यूल आणि त्याची वाफ करण्यास आणखी २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. दोन्ही मिळून विजेच्या भाषेत हे ०.७ युनिटहून थोडे अधिक होते, म्हणजे एक हजार लिटरला सातशे युनिटच्या वर. शिवाय हा खर्च पाणी समुद्राचे आहे की किंचित मचूळ, यावर जवळपास अवलंबून नसतो. मचूळ पाण्यातील ०.२ टक्के क्षार बाजूला काढण्यासाठी ९९.८ टक्के पाण्याची वाफ करायची, हा व्यवहारच मुळात उफराटा आहे. औद्योगिक संयंत्रांत एका टप्प्यातील वाफेची सुप्त उष्णता पुढील टप्प्यात वापरून हा खर्च कितीतरी कमी केला जातो. लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये सुरू केलेल्या संयंत्रात पाणी उकळावेच लागत नाही. समुद्राच्या पृष्ठभागाचे उबदार पाणी निर्वातात सोडले की त्यातील थोड्या भागाची वाफ होते आणि खोल समुद्रातून आणलेल्या थंड पाण्याने ती द्रवरूप होते. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर आहे. मात्र त्यासाठी किनाऱ्याजवळ खोल समुद्र हवा; बठिंड्याला तो कोठून आणणार?

बठिंड्याकडे ऊन भरपूर आहे, तेव्हा सौर ऊर्ध्वपातन का नको, हा प्रश्न दरवेळी विचारला जातो आणि तो योग्यच आहे. काळ्या तळाच्या उथळ कुंडात खारे पाणी, वर तिरपी काच, काचेच्या आतून ओघळणारे गोड थेंब आणि ते झेलणारी पन्हळ, एवढीच ही रचना. चिलीमध्ये लास सालिनास येथे १८७२ साली खाणकामगार व जनावरांसाठी असे मोठे संयंत्र उभारण्यात आले होते. सुमारे ४,७०० चौरस मीटरवर त्यातून दिवसाला वीस हजार लिटरहून अधिक पाणी मिळे. आपल्याकडे भावनगरजवळील अवानिया गावात १९७८ मध्ये दररोज ५,००० लिटर क्षमतेचे संयंत्र उभे राहिले. मर्यादा कोठे येते ते पाहा. एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे १८ मेगाज्यूल सौर ऊर्जा पडते असे धरले आणि एक लिटर पाण्याच्या वाफेस सुमारे २.४ मेगाज्यूल लागतात हे लक्षात घेतले, तर कितीही कौशल्य लावले तरी साध्या रचनेतून साडेसात लिटरच्या पुढे जाता येत नाही. प्रत्यक्षात तीन लिटरच्या आसपास पाणी मिळते. पाच माणसांच्या कुटुंबाला केवळ पिण्यासाठी १५ लिटर धरले तर ५ चौरस मीटर काच पुरते. दोन हजार वस्तीच्या गावाला पिणे व स्वयंपाक मिळून माणशी ५ लिटर द्यायचे झाले तर ३,३०० चौरस मीटर काच लागेल, आणि ती धुळीच्या वादळांनंतर रोज पुसावी लागेल. एकाकी घर, सीमेवरील चौकी, बॅटरीसाठी शुद्ध पाणी, येथे हे साधन उत्तम आहे. गावाचा पाणीपुरवठा त्यावर सोपवणे व्यवहार्य नाही.

गोठवूनही पाणी वेगळे करता येते, कारण बर्फाचा स्फटिक क्षारांना आत घेत नाही. सुप्त उष्णता वाफेच्या सुमारे एक सप्तमांश लागते, म्हणून कागदावर ही पद्धत आकर्षक आहे. परंतु बर्फाच्या कणांना चिकटलेले खारे पाणी धुऊन काढताना नफा नाहीसा होतो.

येथून व्यस्त परासरणाकडे, म्हणजे ज्याला घरोघरी ‘आरओ’ म्हणतात त्याकडे वळू. अर्धपार्य पटलाच्या एका बाजूस गोडे व दुसऱ्या बाजूस खारे पाणी ठेवले तर गोडे पाणी आपणहून खाऱ्याकडे जाते, हे परासरण. खाऱ्या बाजूवर परासरण दाबाहून अधिक दाब दिला की प्रवाह उलटतो आणि पाणी पटलातून पार होते, क्षार मागे अडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचे असे पटल बनविले की ज्यातून व्यवहारात उपयोगी पडेल इतका प्रवाह मिळू लागला. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने या क्षेत्रात पायाभूत काम केले. येथे पाण्याचे अवस्थांतर होत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ आहे. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २७ बार असतो, तर लिटरमागे २,००० मिलीग्रॅम क्षार असलेल्या मचूळ पाण्याचा दीड बारच्या आसपास. म्हणजे ऊर्ध्वपातनात जो फरक पडत नव्हता तो येथे पडतो. समुद्राच्या एक हजार लिटर पाण्यासाठी आधुनिक संयंत्रांत तीन-चार युनिट वीज लागते. मचूळ पाण्यासाठी त्याहून बरीच कमी.

या गुणामुळेच एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माळव्यातील गावागावांत आरओ केंद्रे उभी राहिली. लोक कार्ड घेऊन येत, ठरावीक लिटर पाणी भरून नेत. गावकऱ्यांना या केंद्रांचा खरा उपयोग झाला, यात शंका नाही. युरेनियम, फ्लोराइड व नायट्रेट यांचा मोठा हिस्सा पटल अडवते. परंतु पुढे त्यांतील अनेक केंद्रे बंद पडली. पटल बदलण्याचा खर्च, विजेचे बिल आणि देखभालीची जबाबदारी नेमकी कोणाची, ही त्यामागची सर्वपरिचित दुखणी. मला याहून महत्त्वाची वाटणारी बाब निराळी आहे, आणि ती या केंद्रांच्या फलकांवर कोठेही लिहिलेली नसते.

आपण एका केंद्राचा ताळेबंद मांडू. दिवसाला १६,००० लिटर भूजल उपसले. त्यात लिटरमागे २ ग्रॅम क्षार आहेत. निम्मे पाणी, ८,००० लिटर, लिटरमागे ०.१ ग्रॅम क्षारांसह लोकांना मिळाले. आत गेलेले क्षार ३२ किलो. लोकांच्या भांड्यांत गेले ०.८ किलो. उरलेले ३१.२ किलो क्षार दुसऱ्या ८,००० लिटरमध्ये राहिले, म्हणजे त्या पाण्याचा खारेपणा जवळपास दुप्पट झाला. हेच प्रमाण युरेनियम आणि फ्लोराइडलाही लागू आहे. वर्षाकाठी हे क्षार ११ टनांच्या पुढे जातात. ते कोठे जातात? गटारातून गावतळ्यात, तळ्यातून जमिनीत, आणि जमिनीतून पुन्हा त्याच कूपनलिकेकडे. भौतिक पद्धती पदार्थाला नष्ट करीत नाहीत, त्याची केवळ वाटणी करतात. ज्या नियोजनात वाटणीच्या एकाच हिश्श्याची नोंद असते ते नियोजन अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अधिशोषणाच्या पद्धतीतही हाच प्रश्न लहान आकारात उभा राहतो. सक्रिय ॲल्युमिनावर फ्लोराइड आणि लोहाच्या ऑक्साइडसदृश संयुगांवर आर्सेनिक चिकटते. पंजाबात अमृतसर, तरनतारन, गुरदासपूर या माझा भागातील जिल्ह्यांत आर्सेनिकचा प्रश्न आहे. आयआयटी मद्रासचे प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने विकसित केलेले ‘अमृत’ तंत्रज्ञान तेथे उपयोगात आणले गेले. अधिशोषणाचा लाभ असा की नको असलेला एकच घटक निवडून काढता येतो, पाणी वाया जात नाही आणि दाबही लागत नाही. त्रिसंयुजी आर्सेनिक विद्युतभाररहित रूपात असल्यामुळे आरओ पटलातून काही अंशी निसटते, तेथे हा मार्ग अधिक भरवशाचा ठरतो. पण भरलेले अधिशोषक शेवटी कोठे ठेवायचे हे ठरवावेच लागते. निदान ते काही किलो असते, हजारो लिटर नव्हे. जाता जाता सांगतो, नागपूरच्या ‘नीरी’ची फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत तुरटी व चुन्याच्या साहाय्याने चालते, तिची गणना रासायनिक पद्धतींत करावी.

येथे टीडीएस मापकाविषयी एक सूचना. हे उपकरण क्षार मोजत नाही. पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून अंदाज दाखवते. जागतिक आरोग्य संघटनेने युरेनियमसाठी लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची मार्गदर्शक मर्यादा सुचवली आहे. इतके सूक्ष्म प्रमाण या मापकाच्या आकड्यात दिसणे शक्य नाही. पाण्याचा टीडीएस ३०० असूनही ते आर्सेनिकयुक्त असू शकते, आणि ९०० असूनही मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमचेच क्षार असू शकतात. विक्रेता घरी येऊन मापक बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो, तेव्हा हे आठवावे. भारतीय मानक १०५०० नुसार टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलीग्रॅम असून दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालते. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने टीडीएस ५०० हून कमी असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरावर बंदी आणण्याचे निर्देश केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिले आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कायद्याचा निकाल काहीही असो, सतलजचे गोडे पाणी आरओमध्ये घालून त्याचा मोठा हिस्सा मोरीत सोडायचा, याला वैज्ञानिक कारण सापडत नाही.

माळव्यापुरते बोलायचे तर क्रम असा असावा असे मला वाटते. जेथे कालव्याचे पाणी पोहोचते तेथे ते गाळून व निर्जंतुक करून द्यावे. मोगा जिल्ह्यातील दौधर येथील योजना याच मार्गाची आहे, आणि आपल्या खारपाणपट्ट्याने धरणांच्या पाण्याचा जो मार्ग धरला तोही हाच. तरंगणारा गाळ काढणे स्वस्त आहे. विरघळलेला क्षार काढणे महाग आहे. कालवा पोहोचत नाही तेथे आरओ अवश्य हवे, पण ते फक्त पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यापुरते. कपडे व भांडी धुण्यासाठी मचूळ पाणी चालू शकते.

आणि अशा केंद्राच्या आराखड्यात टाकाऊ पाण्याची जागा पहिल्याच दिवशी आखलेली असावी. आपल्या उदाहरणातील केंद्राला रोज ८,००० लिटर खारे पाणी आटवायचे आहे. माळव्यात सरासरी ५ मिलीमीटर बाष्पीभवन धरले तर एका चौरस मीटरवरून दिवसाला ५ लिटर जातात, म्हणजे १,६०० चौरस मीटरचे, तळाला अस्तर घातलेले तळे लागेल. खारे पाणी गोड्यापेक्षा मंद गतीने आटते आणि पावसाळ्यातील पाणीही सामावून घ्यावे लागते, हे धरता अर्धा एकर जागा राखून ठेवावी. दरवर्षी ११ टन क्षार तळाशी साचतील. ते खाण्यायोग्य नसतात, कारण त्यांत सल्फेट, नायट्रेट आणि जड धातू मिसळलेले असतात. ते खरवडून सुरक्षित ठिकाणी नेण्याचा वाहतूक खर्च धरूनच पाण्याचा दर ठरवायला हवा.